जगाच्या इतिहासाची उन्हाळी तयारी : आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग, कोणत्या क्रमाने काय करायचं

दर मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडची हुशार मुलं इतिहासाचं गाइड विकत घेतात, पहिल्या धड्यापासून पाठांतराला बसतात आणि जूनमध्ये येऊन सांगतात, "सर, दोन धडे तोंडपाठ झाले, पुढचं काही डोक्यात राहत नाही." मेहनत कमी पडलेली नसते. क्रम उलटा झालेला असतो. आधी सनावळ्या, मग धडा आणि नकाशा परीक्षेच्या आदल्या रात्री, असा हा उलटा क्रम. जगाच्या इतिहासाला तो अजिबात मानवत नाही, कारण व्हेनिस कुठे आणि समरकंद कुठे हे माहीत नसताना त्यांच्यामधल्या व्यापाराची कारणं पाठ करणं म्हणजे नुसती ओझी वाहणं.

राज्य मंडळाच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. नववीला स्वातंत्र्योत्तर भारत आणि दहावीला इतिहासलेखन व उपयोजित इतिहास शिकल्यामुळे जगाशी त्यांची ओळख फार तोकडी असते. सीबीएसईच्या मुलांनी निदान फ्रेंच राज्यक्रांती, रशियन क्रांती आणि नाझीवाद वाचलेला असतो. ही तूट कॉलेज सुरू झाल्यावर भरून निघत नाही. ती उन्हाळ्यातच भरायची, खाली दिलेल्या क्रमाने.

टप्पा १ : तुमचा "जगाचा इतिहास" नेमका कोणता, ते आधी पाहा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. सीबीएसईला जगाचा इतिहास अकरावीत आहे. मेसोपोटेमियातली नगरं, रोमन साम्राज्य, मंगोल, युरोपातली सरंजामशाही, प्रबोधन, अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं विस्थापन आणि चीन-जपानचं आधुनिकीकरण असे त्यातले विषय. राज्य मंडळाच्या २०२० सालच्या पुस्तकात हाच भाग बारावीला येतो, तोही वेगळ्या अंगाने : युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धे, निर्वसाहतीकरण (वसाहती स्वतंत्र होणं), शीतयुद्ध, आणि मधे मधे भारत. म्हणजे सीबीएसईवाल्याने दहावीनंतरचा उन्हाळा वापरायचा आणि राज्य मंडळवाल्याने अकरावीनंतरचा. शेजारच्या ताईचं पुस्तक आणून वाचायला सुरुवात केली आणि ते भलत्याच मंडळाचं निघालं, हे नेहमीचं आहे.

मोजकी मुलं अमेरिकी धाटणीचा एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) अभ्यासक्रम घेतात. तो साधारण इ.स. १२०० पासून पुढे चालतो आणि परीक्षेत सात कागदपत्रं पुढ्यात ठेवून त्यांवर निबंध लिहायला लावतो. त्यांनी टप्पा ६ आणि ७ ला दुप्पट वेळ द्यावा.

सावधान : पुस्तकं बदलत असतात. जुनं पुस्तक अर्ध्या किमतीत घेण्याआधी बालभारतीच्या किंवा एनसीईआरटीच्या संकेतस्थळावरून चालू पुस्तकाची पीडीएफ उतरवा आणि अनुक्रमणिका ताडून पाहा. पीडीएफ फुकट आहे. एनसीईआरटीचं पुस्तक मराठीत निघत नाही, पण हिंदी आवृत्ती आपल्याकडच्या मुलांना सहज वाचता येते.

अनुक्रमणिका वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने उतरवा आणि प्रत्येक धड्यापुढे तीन गोष्टी लिहा : कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत, मला आधीच काय माहीत आहे. तिसरा रकाना बहुतेक रिकामा राहील. राहू द्या.

टप्पा २ : सामान आणि वेळ

जगाचे कोरे नकाशे भरपूर आणा, प्राकृतिक आणि राजकीय दोन्ही. एक बरा शालेय नकाशासंग्रह हवा. दोनशेपानी वही, पेन्सिल, तीन रंगांची पेनं. कालपट्टीसाठी जुन्या कॅलेंडरची पानं जपून ठेवा, त्यांची पाठकोरी बाजू उपयोगी पडते. गाइड सध्या घेऊ नका.

वेळ सकाळी सहा ते आठ आणि रात्री जेवणानंतर तासभर. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना दुपारी घोकायला बसण्यात अर्थ नाही. मे महिन्यात लग्नं असतात, ठिबकच्या नळ्या अंथरायच्या असतात, बागायती कापसाची लावणी असते. ते दिवस आधीच वजा करून वेळापत्रक आखा. आखाजीला सुरुवात केली आणि मृग लागेपर्यंत आठवड्याचे पाच दिवस जरी मिळाले, तरी पुढचं सगळं बसतं.

टप्पा ३ : नकाशा, आणि तोही आधी प्राकृतिक

पहिला पूर्ण आठवडा फक्त नकाशा. रोज एक कोरा नकाशा घ्यायचा, भरायचा, दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा भरायचा. थर असे चढवा :

पहिल्यांदा पाणी. टायग्रिस, युफ्रेटिस, नाईल, डॅन्यूब, ऱ्हाईन, व्होल्गा, ह्वांग हो, यांगत्से. मग अरुंद जागा : जिब्राल्टर, बॉस्फरस, बाब-एल-मांडेब, होर्मुझ, मलाक्का, आणि मानवाने खोदलेल्या दोन, सुएझ (१८६९) व पनामा (१९१४). जगातली निम्मी भांडणं या चिंचोळ्या जागांच्या आसपास सापडतील. मग डोंगर आणि वाळवंटं. शहरं शेवटी : बगदाद, समरकंद, कॉन्स्टँटिनोपल, व्हेनिस, लिस्बन, लिव्हरपूल, कँटन, नागासाकी.

राजकीय नकाशा पहिल्या दिवशी उघडला की आजच्या सीमा डोक्यात बसतात आणि मग रोमन साम्राज्य म्हणजे इटली, ऑटोमन साम्राज्य म्हणजे तुर्कस्तान, असे घोटाळे होतात. म्हणून तो आठवड्याच्या शेवटी.

आता एक सराव, जो मी प्रत्येक मुलाला करायला लावतो. आपल्या भरिताच्या ताटातल्या जिनसा नकाशावर त्यांच्या मूळ गावी पोचवा. वांगं आपल्याच उपखंडातलं. कळण्याच्या भाकरीतला उडीदही इथलाच, पण ज्वारी आफ्रिकेतून आलेली. लसूण मध्य आशियाकडचा. हिरवी मिरची आणि शेंगदाणे अमेरिका खंडातले, म्हणजे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीआधी खानदेशातल्या कुठल्याही चुलीवर मिरची असणं शक्य नव्हतं. तिखटपणा मिरीचा असायचा, आणि त्याच मिरीच्या शोधात १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. पुढे मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांच्या मागोमाग. प्रत्येक जिन्नस कुठल्या समुद्रातून आली असेल, त्या वाटेवर बाण काढा. हे करताना "अमेरिका खंडाच्या शोधाचे परिणाम" हा प्रश्न अर्धा तयार झालेला असतो.

तपासणी : कोरा नकाशा घ्या, घड्याळ लावा. १४९८ पूर्वी खंबातहून निघालेला माल व्हेनिसला कसा पोचेल, ते दहा मिनिटांत काढा. तांबडा समुद्र आणि अलेक्झांड्रिया आलं पाहिजे. इराणच्या आखातातून दुसरी वाट दाखवलीत तर उत्तम. आफ्रिकेला वळसा घातलात, तर आणखी दोन दिवस याच टप्प्यावर थांबा.

टप्पा ४ : कालपट्टी

सनावळीची यादी वेगळी आणि कालपट्टी वेगळी. यादीत एकाखाली एक घटना असतात. पट्टीत त्या शेजारी शेजारी बसतात आणि खरा उपयोग या शेजाराचा आहे. कॅलेंडरची पानं चिकटवून लांब पट्टी करा. शंभर वर्षांना एक वीत. आडव्या पाच ओळी : खानदेश व भारत, पश्चिम आशिया, युरोप, चीन-जपान, आफ्रिका-अमेरिका.

सुरुवात जोड्यांनी करा. १२०६ मध्ये दिल्लीत कुतुबुद्दीन ऐबक सुलतान झाला आणि त्याच वर्षी मंगोलियात तेमुजिनला चंगीझ खान हा किताब मिळाला. १५२६ मध्ये पानिपतला बाबर जिंकला आणि काही महिन्यांनी मोहाचच्या लढाईत ऑटोमन सुलतान सुलेमानाने हंगेरीचा पाडाव केला. दोन्ही ठिकाणी तोफा निर्णायक ठरल्या. पट्टीवर हे शेजारी दिसलं की "बारुदी साम्राज्यं" हा शब्दप्रयोग कुणी समजावून सांगायला लागत नाही.

आपल्या मुलखातली जोडी तर याहून रंगतदार आहे. ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनमध्ये राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. त्यानंतर काहीच आठवड्यांत, जानेवारी १६०१ मध्ये, अकबराने असीरगड घेतला आणि खानदेशची फारुकी सत्ता संपली. एका बाजूला जगातल्या बलाढ्य बादशहांपैकी एक, आणि दुसऱ्या बाजूला कागदाचा एक तुकडा हातात घेतलेले काही व्यापारी. त्या दिवशी कुणी पैज लावली असती तर कुणावर लावली असती? हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. वसाहतवादाचा धडा वाचून झाला की उत्तर लिहा.

अजून दोन जोड्या स्वतः शोधायला सांगतो. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्या वेळी स्पेनमध्ये काय चाललं होतं? आणि ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये शिरीषकुमार गोळीबारात हुतात्मा झाला, तेव्हा व्होल्गाच्या काठावर कोणती लढाई पेटलेली होती?

सावधान : सतरावं शतक म्हणजे १६०१ ते १७००. इ.स.पू. मध्ये आकडा उतरत जातो, म्हणून इ.स.पू. ५०० हे इ.स.पू. ३०० च्या आधीचं. शून्य साल नाही. या तीन ठिकाणी दरवर्षी गुण सांडतात, हुशार मुलांचेही.

पट्टीवर पन्नासेक नोंदी पुरेत. दोनशे केल्यात तर ती भिंतीची शोभा होते.

टप्पा ५ : कारणांची साखळी बांधायला शिका

धडे उघडण्याआधी निदान एक साखळी हाताने बांधून पाहा. सगळ्यात सोपी खानदेशची : रुईच्या एका गाठीचा पाठलाग.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली. म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना. म्हणून त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. म्हणून मुंबईत कापसाचे भाव भडकले आणि खानदेश-वऱ्हाडातला शेतकरी कपाशीकडे वळला, सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागला. पण आपला कापूस आखूड धाग्याचा, गिरणीवाल्यांच्या मनासारखा नव्हता. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्याच वर्षी मुंबईतला शेअरबाजारही झोपला. गंमत बघा, कसारा घाटातून रेल्वे धावू लागली तीही १८६५ मध्येच. माल झपाट्याने बंदरावर पोचवायची सोय झाली आणि चढा भाव गेला. पुढे १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागे कर्जाचा हा फासही होता.

आता हीच साखळी वहीत तुमच्या शब्दांत उतरवा. नियम एकच : प्रत्येक वाक्य "म्हणून", "पण" किंवा "त्याच वेळी" यांपैकी एकाने सुरू झालं पाहिजे. "आणि मग" चालणार नाही. "आणि मग" लिहावंसं वाटलं, की दोन घटनांमधला दुवा तुम्हाला सापडलेला नाही असं समजा आणि मागे जाऊन शोधा.

साखळी झाली की कारणांची तीन ढिगांत वाटणी करा : लांबची कारणं, जवळची कारणं, ठिणगी. पहिल्या महायुद्धावर करून पाहा. २८ जून १९१४ चा साराजेव्होतला खून ही ठिणगी. बाल्कनमधले तंटे आणि जुलै महिन्यातली एकापाठोपाठ एक निर्वाणीची पत्रं ही जवळची कारणं. राष्ट्रवाद, आरमारी स्पर्धा, वसाहतींची ओढाताण आणि गटांचे करार ही लांबची. "राजपुत्राचा खून झाला म्हणून महायुद्ध झाले" हे वाक्य लिहिणाऱ्याने फक्त काडी पाहिली, दारूगोळा पाहिलाच नाही.

तपासणी : नंदुरबारच्या गोळीबारापासून उलट चालत पर्ल हार्बरपर्यंत जा. वाटेत गोवालिया टँक, क्रिप्स, रंगून आणि सिंगापूर लागले पाहिजेत. जमलं, तर धडे उघडायला तयार आहात.

टप्पा ६ : धडा वाचायची रीत, आणि साधनं

आठवड्याला एक धडा, जास्त नाही. आधी धड्याशेवटचे प्रश्न वाचा, मग ठळक मथळे आणि नकाशे, मग पेन खाली ठेवून सलग वाचन. दुसऱ्या वाचनाला पेन उचला. ओळीखाली रेघा मारू नका, मारायच्याच तर पानाला तीनच. टिपण पुस्तक मिटून काढायचं. जे आठवत नाही ते टिपणात येत नाही, आणि नेमकं तेच पुन्हा वाचायचं असतं. उघड्या पुस्तकातून सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या वह्या मी ढिगाने पाहिल्या आहेत. पालकांना फार आवडतात.

व्हिडिओ वाचनानंतर, आधी नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारा "दडवलेला इतिहास" अजिबात नाही.

मे महिन्याच्या मध्याला साधनांकडे वळा. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथे जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं म्हणजे काय, ते डोळ्यांनी पाहता येतं. जाण्याआधी वेळ विचारून घ्या आणि बरोबर वडीलधारं कुणी असू द्या. जमत नसेल तर १८८० चा खानदेश गॅझेटियर घ्या. त्यातली कपाशीवरची आणि भिल्लांवरची पानं सरावाला उत्तम. लिहिणारा इंग्रज सरकारचा माणूस आहे, वाचणारेही सरकारी अधिकारी आहेत, हे विसरू नका.

प्रत्येक साधनाला पाच प्रश्न विचारा. कोणी लिहिलं? केव्हा? कोणासाठी? कशासाठी? आणि कशाबद्दल गप्प बसलंय?

दोन साक्षीदार एकत्र तपासायचे असतील तर बऱ्हाणपूर घ्या. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये तिथे शहजादा परवेझला भेटला. पुढे त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये तिथून गेला. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारी ही वाट आपल्या नंदुरबारवरून जायची. रो दरबार पाहतो : कोण कुठे उभं आहे, वकिलाला मान कसा मिळतो. ताव्हेर्निये कापड पाहतो आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, कैरोपर्यंत जातं असं सांगतो. एकच गाव, पण वकिलाची नजर मानपानावर आणि व्यापाऱ्याची मालावर. कापड विणणाऱ्याच्या घरात काय शिजत होतं, हे या दोघांकडून कळेल अशी आशा ठेवू नका. एवढं जरी तुम्ही एका परिच्छेदात मांडू शकलात तरी प्रकल्पाचा विषय हातात आला.

सावधान : "लेखक इंग्रज आहे म्हणून खोटं" हेही उत्तर नव्हे. एकांगी साधनातूनही खरी माहिती काढता येते. भाव, अंतरं, पिकांची नावं यांत खोटं बोलून अधिकाऱ्याला फारसा लाभ नसतो. माणसांच्या स्वभावाबद्दल तो बोलू लागला की मात्र कान टवकारा.

टप्पा ७ : रोज एक परिच्छेद

हा टप्पा सगळेजण "कॉलेजात करू" म्हणून सोडतात. मेच्या शेवटच्या पंधरवड्यापासून रोज दहा ओळी लिहा, घड्याळ लावून, बारा मिनिटांत. पहिल्या ओळीत तुमचं म्हणणं. पुढे दोन ठोस पुरावे, नाव आणि सालासकट. मग त्या पुराव्यावरून म्हणणं कसं सिद्ध होतं ते. शेवटी एखादी विरुद्ध बाजू.

फरक पाहा. "वसाहतवादामुळे भारतावर अनेक चांगले-वाईट परिणाम झाले" यावर कुणी वाद घालू शकत नाही, म्हणजेच त्यात काही म्हटलेलं नाही. "अमेरिकी यादवीतल्या तेजीने खानदेशचा शेतकरी जगाच्या बाजाराला जोडला गेला, पण तिथल्या भावावर त्याचा काडीचा ताबा नव्हता" यावर वाद घालता येतो, पुरावा मागता येतो. असं वाक्य लिहा.

"एकूणच असे दिसून येते की", "प्राचीन काळापासून", "सर्वांगीण विकास" हे तीन शब्दप्रयोग वहीत बंद. लिहिलेलं मोठ्याने वाचा. घरात आई, आजोबा, कुणीही ऐकणारं असू द्या. त्यांना "का?" विचारावंसं वाटलं, तर तिथे दुवा तुटलेला आहे.

टप्पा ८ : जूनचा पहिला आठवडा

नवीन काही वाचू नका. कोरा नकाशा पुन्हा भरा. कालपट्टी न बघता वीस नोंदी लिहा. जुने तीन परिच्छेद काढून दुरुस्त करा. टप्पा १ मधला "मला आधीच काय माहीत आहे" हा रकाना आता भरा. जो धडा अजूनही रिकामा दिसेल त्यावर खूण करा, आणि कॉलेज सुरू झालं की सरांना किंवा मॅडमना पहिला प्रश्न त्याच धड्यावर विचारा. गाइड घ्यायचंच असेल तर आता घ्या, आणि ते फक्त जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी उघडा.